चंदनसारहून गोठलेल्या तळ्यावर



जानेवारीतल्या एखाद्या पहाटे विरार पूर्वेच्या चंदनसारला चहाच्या टपरीपाशी उभे राहिलात तर काय दिसते? कानटोप्या, मफलर, स्वेटर, क्वचित एखादी शेकोटी, आणि जो तो म्हणतो, "काय कडाक्याची थंडी पडली आहे!" तापमापकाला विचारावे तर तो बापडा पंधरा-सोळा अंश सेल्सिअस दाखवीत असतो. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे. ते २२ जानेवारी १९६२ या दिवशीचे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव कधीकधी गोठते, तेव्हा त्याची बातमी होते. एकूण, बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गोळेवाल्याचा, नाही तर मासळीच्या टोपल्यांतला!

या महिन्यात मात्र आपण चंदनसारहून एका खऱ्याखुऱ्या बर्फाच्या सहलीला निघणार आहोत. तिकिटाची गरज नाही. नकाशा आणि कल्पनाशक्ती पुरे. स्वीडनच्या अगदी उत्तरेला आबिस्को नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याचा अक्षांश ६८ अंशांहून थोडा अधिक, म्हणजे ते उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. गावालगत टोर्नेट्रेस्क नावाचे सुमारे ७० किलोमीटर लांबीचे तळे पसरले आहे. हिवाळ्यात ते गोठते आणि उन्हाळा तोंडावर आला तरी पुरते वितळत नाही. तिथले वाटाडे पाहुण्यांना घेऊन सहली काढतात. दुपारी तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, संध्याकाळी पायांना रुंद जोडे बांधून भुसभुशीत हिमातून चालायचे, आणि रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाशाची वाट पाहायची.

तिन्ही गोष्टी आपल्याला किती परक्या वाटतात! पण त्या खरोखरच तशा आहेत का, हे आपण या सहलीत तपासून पाहू. सोबत फक्त सातवी-आठवीचे विज्ञान घ्या.

आधी बर्फाची परीक्षा

महिना फेब्रुवारीचा, तापमान उणे १५ अंश. तळ्याच्या काठी पोहोचताच तुम्ही धावत बर्फावर जाऊ पाहता; पण वाटाड्या हात आडवा करून तुम्हांला थांबवतो. आधी तो एकटा पुढे जातो. हातातल्या लोखंडी पहारेने दर दोन-चार पावलांवर बर्फ ठोकून पाहतो, गिरमिटाने भोक पाडतो आणि पट्टी आत घालून जाडी मोजतो. काचेसारखा पारदर्शक, घट्ट बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड असला तरच चालणाऱ्या माणसाने त्यावर पाऊल टाकावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पाच सेंटिमीटरच्या बर्फाकडे फिरकायचेसुद्धा नाही. बर्फ दुधासारखा पांढरा असेल तर त्यात हवेचे बुडबुडे असतात. त्याची ताकद पारदर्शक बर्फाच्या जवळजवळ निम्मीच धरतात, म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी.

एके ठिकाणी बर्फ जाड भरला म्हणून सगळीकडे तसाच असेल असे नाही. जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे वाहते पाणी खालून बर्फ खात असते. वर हिमाचा जाड थर असला तरी त्याखालचा बर्फ पातळ राहतो. यासाठी वाटाड्या सर्वांना एका रांगेत, पण एकमेकांपासून चार-पाच पावलांचे अंतर ठेवून चालवतो. प्रत्येकाच्या गळ्यात लाकडी मुठीचे दोन टोकदार खिळे दोरीने अडकवलेले असतात. बर्फ फुटून कोणी पाण्यात पडलाच, तर त्याने ज्या बाजूने आलो त्याच बाजूला तोंड करायचे, खिळे बर्फात रोवायचे, पाय झाडत अंग वर ओढायचे. आणि वर आल्यावर उभे न राहता गडबडत दूर जायचे. उभे का राहायचे नाही? उत्तर सांगण्याची घाई करू नका. ते पुढे आपोआप मिळेल.

पट्टीवर दहा सेंटिमीटर भरले नाहीत तर काय? तर सहल तिथेच संपली! पाहुणे हजारो मैलांवरून आलेले असोत, पैसे भरलेले असोत. वाटाड्या सर्वांना माघारी नेतो. चांगल्या वाटाड्याची ओळख तो किती मासे मिळवून देतो यावरून पटत नाही. वेळेवर 'परत फिरा' म्हणतो की नाही, यावरून पटते. हल्ली हा निर्णय अधिक नाजूक झाला आहे. याच तळ्यातून निघणाऱ्या टोर्ने नदीवरचा बर्फ वसंतात कोणत्या दिवशी फुटतो, याची नोंद खालच्या टोर्निओ गावात १६९३ पासून होत आली आहे. एवढ्या जुन्या नोंदी जगात थोड्याच ठिकाणी आहेत. त्या पाहिल्या तर बर्फ फुटण्याचा दिवस हळूहळू अलीकडे सरकत आलेला दिसतो. वातावरण तापते आहे याची साक्ष ही नदीच देते. त्यामुळे 'आजोबा या तारखेला बर्फावरून जात होते' हा आधार आता पुरेसा नाही. दर वेळी गिरमिट चालवलेच पाहिजे.

बर्फाखालचे घर

आज बर्फ अर्धा मीटर जाड निघाला. निर्धास्त व्हा! वाटाड्या मोठ्या गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडतो. त्यात बर्फाचा चुरा तरंगू लागतो. तो काढायला त्याच्याकडे काय असते ठाऊक आहे? चक्क झारा! तुमच्या घरी भजी काढतात त्याच जातीचा. मग हातभरसुद्धा लांब नसलेली काठी, दोरी, गळ आणि आमिष. गळ खाली सोडायचा, मधूनमधून हलका हिसका द्यायचा आणि वाट पाहायची. इथे आर्क्टिक चार नावाचा, सामन माशांच्या कुळातला मासा मिळतो. अर्थात तो धरायला परवाना लागतो.

पण थांबा. वर हवा उणे १५ अंश, बर्फ अर्धा मीटर; मग खालचे पाणी पाणीच कसे राहिले? मासे गोठून का गेले नाहीत?

याचे कारण पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक द्रव थंड होताना आकुंचन पावतात आणि जड होत जातात. पाणीही तसेच वागते, पण फक्त ४ अंशांपर्यंत. त्याखाली थंड केले की ते उलट प्रसरण पावू लागते! शरद ऋतूत तळ्याचा पृष्ठभाग थंड होतो. तिथले पाणी जड होऊन बुडते आणि खालचे, थोडे उबदार पाणी वर येते. ही फिरवाफिरव सगळे तळे ४ अंशांवर येईपर्यंत चालते. यानंतर वरचे पाणी ३, २, १ अंश असे थंड होत गेले तरी ते हलके असल्यामुळे वरच राहते आणि अखेर वरच्यावरच गोठते. बर्फ तर आणखी हलका: एका घन सेंटिमीटर पाण्याचे वजन १ ग्रॅम, तर तेवढ्याच बर्फाचे ०.९१७ ग्रॅम. म्हणून तो तरंगतो. तळाशी मात्र ४ अंशांच्या जवळपासचे पाणी हिवाळाभर टिकून राहते, आणि तिथे माशांचे घर असते.

समजा, बर्फ पाण्यापेक्षा जड असता. मग तो तयार होताच बुडाला असता, थरावर थर साचून तळे तळापासून भरत आले असते, आणि मासे उरले नसते. एक साधा आकडा, ०.९१७, पण किती जिवांचा भार त्यावर आहे पाहा!

आता दुसरी गंमत. बर्फ उष्णतेचा चांगला वाहक नाही. तो जसजसा जाड होतो, तसतशी खालची उष्णता वर निसटायला अधिक वेळ लागतो आणि त्याची वाढ मंदावते. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये याचे गणित मांडले. थंडी सारखीच राहिली तर बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १० सेंटिमीटर बर्फ व्हायला जितका काळ लागला, त्याच्या चौपट काळ २० सेंटिमीटर व्हायला लागेल आणि नऊपट काळ ३० सेंटिमीटरला. पहिल्या थरानेच पुढच्या थराची वाट अडवलेली असते. तळे स्वतःच स्वतःची गोधडी विणते म्हणा ना!

बर्फाखाली माशांना श्वास कसा मिळतो? त्यांच्या शरीराचे तापमान पाण्याएवढेच असते. थंडीत त्यांची हालचाल मंद होते आणि त्यांना प्राणवायू कमी पुरतो. शिवाय थंड पाण्यात तो अधिक विरघळतो. गोठणबिंदूजवळच्या एक लिटर पाण्यात सुमारे १४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅमच. तुमच्या गावच्या तळ्यात मे महिन्याच्या पहाटे मासे पाण्यावर तोंडे काढून आ वासताना कधी पाहिले आहेत? त्याचे कारण हेच. रात्रभर शेवाळाने आणि सर्व जिवांनी श्वास घेतलेला असतो, प्रकाशसंश्लेषण बंद असते आणि पाणी गरम असते. उत्तरेकडच्या उथळ तळ्यांत हाच प्रसंग उलट कारणाने येतो. बर्फावर हिमाचा जाड थर बसला की खाली उजेड पोहोचत नाही, शेवाळ प्राणवायू तयार करीत नाही आणि हिवाळ्याच्या अखेरीस मासे गुदमरतात. थंडीने नव्हे, काळोखाने मरतात ते! टोर्नेट्रेस्क दीडशे मीटरांहून खोल असल्यामुळे तिथे साठा पुष्कळ आहे.

हिमपादुका

चार वाजत आले, सूर्य डोंगराआड गेला. मासे भाजून खाल्ले, गरम काहीतरी प्यायलो, आता रानाकडे निघायचे. बर्चच्या झाडांमध्ये गुडघाभर भुसभुशीत हिम साचले आहे. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. कापूस पिंजल्यासारखा हा पदार्थ. त्यात पाऊल टाकले की मांडीपर्यंत रुतले! वाटाड्या तुमच्या बुटांना रुंद चौकटींचे स्नोशू बांधतो. त्यांना आपण हिमपादुका म्हणू. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी लाकूड वाकवून त्याच्या चौकटीत कातड्याच्या वाद्यांची जाळी विणत आणि अशा पादुका करीत. आजच्या पादुका ॲल्युमिनियमच्या आणि प्लॅस्टिकच्या असतात, तत्त्व तेच.

ते तत्त्व तुम्हांला पाठ आहे: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. गणित करू. तुमचे वजन कपड्यांसह ६० किलोग्रॅम धरा. चालताना सगळा भार एका पायावर येतो. बुटाच्या तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार. ६० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद हिमपादुकेचे क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे भार दर चौरस सेंटिमीटरला अवघा ५० ग्रॅम. वजन तेच, दाब एकषष्ठांश! पाऊल थोडे दबते, पण रुतत नाही.

ही युक्ती तुम्ही कधी वापरलीच नाही असे वाटते का? भाताच्या खाचरात चिखलणी चालू असताना पाय पिंढरीपर्यंत जातो, तेव्हा बांधापर्यंत फळी टाकतात. वैतरणा खाडीच्या काठच्या चिखलातही फळीवर उभे राहिले की माणूस तरतो. वाळूतून चालणाऱ्या उंटाचे पसरट तळवे, हिमातल्या रेनडिअरचे फाकणारे खूर, उत्तर अमेरिकेतल्या एका सशाचे मोठाले मागचे पाय (त्याला हिमपादुका-ससा असेच नाव पडले आहे) हे सगळे त्याच एका भागाकाराचे नमुने आहेत. आणि आता मघाच्या प्रश्नाचे उत्तरही आले. पाण्यातून वर आल्यावर उभे राहिलात, तर सगळा भार दोन पावलांवर येतो. आडवे होऊन गडबडलात तर तो अंगभर पसरतो आणि फुटका बर्फही तेवढा वेळ तग धरतो.

चालताना वाटाड्या एक सूचना पुन्हा पुन्हा देतो: "घाम येऊ देऊ नका!" अंगातले तीन-चार थर उब देत नाहीत, थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची उष्णता धरून ठेवते. कपडा घामाने ओला झाला की हवेची जागा पाणी घेते. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. चालताना घाम आलेला माणूस थांबल्यावर कुडकुडू लागतो, तो याचमुळे. आणि आता तर आपल्याला तासन् तास थांबायचे आहे.

आकाशाकडे

रान संपले, उघडा माळ आला. दिवे विझवा. आधी ध्रुवतारा शोधा. हात ताठ पसरून मूठ वळली तर तिची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. चंदनसारहून ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठी वर दिसतो. कारण चंदनसारचा अक्षांश साडेएकोणीस अंश आहे. इथे तो जवळजवळ सात मुठी वर, मान वाकडी करून पाहावा लागतो. पृथ्वीच्या पाठीवर आपण किती चढून आलो ते त्याने न बोलता सांगितले.

आणि तेवढ्यात उत्तरेकडून एक फिकट हिरवा पट्टा उमटतो. आधी ढगच वाटतो. मग तो उजळतो, त्याला चुण्या पडतात, वाऱ्याने पडदा हलावा तसा तो हलू लागतो. आवाज नाही, उष्णता नाही. हाच ध्रुवीय प्रकाश.

सूर्यापासून इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचा झोत सतत वाहत असतो. याला सौरवात म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर; तरी १५ कोटी किलोमीटर यायला त्याला चारेक दिवस लागतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते. झोत बाजूने वाहत जातो आणि आपल्या चुंबकीय क्षेत्राला रात्रीच्या बाजूला लांब शेपटासारखे ताणतो. बेचकीचे रबर ताणून सोडावे तसे हे शेपूट मधूनच तुटून मागे झेपावते आणि इलेक्ट्रॉनांना पृथ्वीकडे भिरकावते. चुंबकीय रेषा त्यांना वाट दाखवतात. या रेषा ध्रुवांभोवतालच्या एका कड्यात वातावरणात उतरतात. आबिस्को त्या कड्याखालीच आहे.

हे इलेक्ट्रॉन १०० किलोमीटरहून अधिक उंचीवर विरळ हवेतल्या अणूंवर आदळतात. अणू ऊर्जा घेतो आणि ती प्रकाशाच्या रूपाने परत देतो. हिरवा आणि लाल हे दोन्ही रंग ऑक्सिजनचेच! हिरवा प्रकाश द्यायला ऑक्सिजनच्या अणूला सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. लाल प्रकाश द्यायला मात्र जवळजवळ दोन मिनिटे. खालच्या दाट हवेत दोन मिनिटांत दुसरा कोणी अणू येऊन धडकतो आणि ती ऊर्जा काढून घेतो. म्हणून लाल रंग २०० किलोमीटरच्या वर, जिथे गर्दी कमी तिथेच दिसतो. हिरवा त्याखाली, १०० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यात. खालच्या काठाला कधी जांभळट झाक येते, ती नायट्रोजनची.

मुंबईच्या आकाशात

तुम्ही म्हणाल, हिम आणि दाब यांचे नाते चंदनसारशी जुळले, मासेही जुळले. हे मात्र नाही जुळायचे. पण सर्वांत जवळचे नाते याचेच आहे!

४ फेब्रुवारी १८७२, रविवारची रात्र. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडी सुरू होऊन पाचच वर्षे झाली होती. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. तो रंग बदलत होता आणि पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झाला, असे त्या वेळच्या वृत्तपत्रात नोंदलेले आहे. तारायंत्राच्या तारांवर आणि समुद्राखालच्या केबलवरही त्याचा परिणाम झाला. चुंबकीय अक्षांशाच्या हिशेबाने मुंबई १० अंशांच्या आसपास येते. एवढ्या खाली ध्रुवीय प्रकाश पाहिल्याच्या नोंदी इतिहासात अत्यंत विरळ आहेत. मुंबईला जे दिसले ते पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेच्या चंदनसारहून दिसायला भूगोलाची तरी आडकाठी नव्हती.

हे कसे शक्य झाले? भूमितीने पाहू. समजा, लाल प्रकाश ४०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६३७० किलोमीटर घेऊन हिशेब केला तर तो २२०० किलोमीटरहून अधिक अंतरावरूनही क्षितिजाशी दिसू शकतो. प्रकाश आपल्या डोक्यावर यायला नको. तो हिमालयापलीकडे आला तरी पुरे. त्या रात्री सौर वादळाने ध्रुवाभोवतालचे ते कडे विषुववृत्ताकडे खेचून फार खाली आणले होते. अलीकडचे उदाहरण हवे? १०-११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल आभा टिपली.

याहून मोलाची नोंद त्याआधीची आहे, आणि ती डोळ्यांनी नव्हे, सुईने केलेली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यडागांच्या जवळ अचानक तेजस्वी झळाळी दिसली. साडेसतरा तासांच्या सुमारास तिथून निघालेला झोत पृथ्वीवर येऊन आदळला. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. भर उन्हात आकाशात कोणाला काय दिसणार? पण कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकाची दिशा आणि बळ निरीक्षक दुर्बिणीतून वाचून वहीत लिहीत असत. त्या दिवशी चुंबक पिसाटल्यासारखा वागू लागला, तेव्हा त्यांनी दर पाच मिनिटांनी वाचन घ्यायला सुरुवात केली. दुपारपर्यंत भूचुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला होता.

ही संख्या आज जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. ध्रुवाजवळच्या उपकरणांचे काटे मोजपट्टीबाहेर गेले होते. शिवाय तिथे डोक्यावरच ध्रुवीय प्रकाशाचे प्रवाह वाहत असल्याने वादळाचे एकूण मोजमाप गोंधळते. कुलाबा ध्रुवापासून दूर, म्हणूनच त्याची साक्ष स्वच्छ. त्या वादळात तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. अमेरिकेत काही तारवाल्यांनी विद्युतघट काढून टाकून नुसत्या आकाशातून आलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. १३ मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला. साठ लाख माणसे अंधारात होती. ते वादळ १८५९ च्या मानाने लहान होते. आज आपले दिवे, दूरध्वनी, विमाने, उपग्रह सारे या वाऱ्याच्या वाटेत उभे आहे. म्हणजे बर्फाची जाडी मोजणारा वाटाड्या आपल्यालाही हवाच.

तसे वाटाडे आपल्याकडे आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबक बिघडतील हे ओळखून कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. अलिबागची नोंद आजही चालू आहे. नवी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ती सांभाळते. आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सौरवाताच्या वाटेत पहारा देत आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली आहे. झोत तिथून पुढे पृथ्वीवर यायला साधारण तासभर लागतो. 'परत फिरा' म्हणायला तेवढा वेळ हाती असतो.

करून पाहा

१. उंच काचेच्या भांड्यात पाणी घ्या, भांड्याभोवती टॉवेल गुंडाळा, वर बर्फाचे खडे सोडा. शाळेतले दोन तापमापक घेऊन एकाचा फुगा तळाशी, दुसऱ्याचा पृष्ठभागाजवळ ठेवा. ढवळू नका. दर पाच मिनिटांनी दोन्ही वाचा आणि आलेख काढा. तळाचे तापमान कुठे अडखळते?

२. परातीत कोरडी वाळू सैल पसरा. एक वीट आधी उभी, मग आडवी ठेवा. किती रुतली ते मोजा. दोन्ही वेळचा दाब काढा.

३. होकायंत्रावरून एक तार न्या आणि ती क्षणभरच विजेच्या घटाला जोडा. सुई हलली? मूस यांनी अलिबाग का गाठले ते आता तुम्हीच सांगा.

४. चंदनसारला किंवा तुमच्या गावी, दिव्यांपासून दूर, वडीलधाऱ्यांसोबत गच्चीवर जा. मुठीने ध्रुवताऱ्याची उंची मोजा आणि नकाशातल्या अक्षांशाशी ताडून पाहा.

चौथा प्रयोग करताना ध्रुवताऱ्याखालच्या त्या दोन मुठींच्या आकाशाकडे जरा वेळ पाहत राहा. तिथे आज काही दिसणार नाही हे जवळजवळ नक्की. पण १८७२ च्या फेब्रुवारीत ते उजळले होते. आणि तुम्ही पाहत असाल त्याच क्षणी अलिबागचे चुंबक सूर्याकडून आलेल्या वाऱ्याचे धक्के टिपून ठेवीत असेल.